पिवळ्या पंज्यांचा स्टॉल

चंदीगडहून परत आल्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो थंडीचा. दुसरा, तिकडे खायला काय मिळतं. आमच्या मशीनचं प्रदर्शनात काय झालं, हे मात्र कुणी विचारलं नाही. संकोच वाटत असावा. कारण आधी पुण्याच्या आणि मग हैदराबादच्या प्रदर्शनातून आम्ही हात हलवत परत आलो होतो आणि ते सगळ्या तासगावाला माहीत होतं. म्हणून मीच सांगायला बसले आहे, थंडीपासून खाण्यापर्यंत सगळं, आणि मशीनचंही.

मशीन भाकरीचं. ते केलं माझ्या धाकट्या दिरांनी, दिलीपभाऊजींनी. मी बरीच वर्षं घरी भाकऱ्या करून खानावळींना पुरवत होते. खांदे धरायला लागले, तेव्हा भाऊजींनी कारखान्यातली फिटरची नोकरी सोडली आणि घरामागच्या शेडमध्ये खटपट सुरू केली. दोन गोल ताटल्या, खाली एक, वर एक. खालच्या ताटलीवर उंडा ठेवायचा, बटण दाबायचं. वरची ताटली खाली येते आणि भाकरी थापून देते. मग फक्त उचलून तव्यावर टाकायची. ज्वारी, बाजरी, नाचणी, काहीही घाला, भाकरी टम्म फुगते. पण फुगलेली भाकरी दाखवून मशीन विकलं जात नाही, हे आम्हाला दोन प्रदर्शनांनी शिकवलं होतं.

चंदीगडला हॉटेल आणि खाद्ययंत्रांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. भाऊजींनी स्टॉल घेतला, तेव्हा माझे यजमान रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, हे शेवटचं. यातही काही झालं नाही तर शेड भाड्याने देऊ आणि दिलीपने पुन्हा नोकरी बघावी. शांतपणे बोललेलं जास्त लागतं. गाडीत भाऊजी खिडकीबाहेर बघत बसले होते आणि मी त्यांच्याशी मुद्दाम इतर गोष्टी बोलत होते. धुक्यामुळे गाडी उशिरा पोचली, एवढं सांगून तो प्रवास इथेच संपवते.

सेक्टर तीस

आम्ही उतरलो वैशालीकडे. वैशाली आमच्या शेजारच्या घरातली मुलगी, माझ्या डोळ्यांदेखत मोठी झालेली. तिचे यजमान प्रशांत शास्त्रीय उपकरणांच्या सरकारी प्रयोगशाळेत आहेत आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये ती दोघं राहतात. बदली होऊन आले ते रमले. त्यांच्या लेकीला, इराला, मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. मी विचारलं, "इरा, जेवलीस का गं?" तर ती म्हणाली, "हाँ आजी, खा लिया," आणि वैशालीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपल्या घरातली गळकी तोटी पाहुण्यांना दिसावी.

आमच्याकडे पत्ता सांगायचा तर मारुतीच्या देवळामागे, पिंपळाच्या बोळात, पाटलांच्या पिठाच्या गिरणीशेजारी असा सांगतात. इथे नुसते आकडे. रस्ते सरळसोट, दोन्ही बाजूंना झाडं, एका रस्त्याला एकाच जातीची. आणि प्रत्येक चौकात मोठं गोल उद्यान. पहिल्या सकाळी भाऊजी दूध आणायला गेले ते गोल फिरून चुकले. चारही बाजू सारख्याच दिसायच्या. शेवटी एका सरदारजींनी स्कूटरवरून त्यांना दारात आणून सोडलं आणि पत्ता शोधताना वाटेत चहासुद्धा पाजला. आमच्याकडे पाहुण्याला कपभर चहा देतात. इथे मोठा ग्लास, त्यावर साय आणि सोबत काहीतरी खाल्ल्याशिवाय सुटका नाही.

थंडी मात्र खरी. सकाळी खिडकीबाहेर समोरची इमारत दिसत नव्हती. मी दोन स्वेटर, त्यावर शाल, त्यावर भाऊजींची मफलर अशी बसले होते. वैशालीने मुळ्याचे पराठे केले होते, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. तो वितळत पराठ्यावर पसरताना बघूनच अर्धी थंडी गेली.

मैदानावर

प्रदर्शन सेक्टर चौतीसच्या मैदानावर होतं. आमचा स्टॉल शेवटच्या रांगेत, अगदी टोकाला. एका बाजूला जनरेटर, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. उशिरा नाव नोंदवलं की असंच मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. टेबल, मशीन, विजेचा तवा, मागे संयोजकांनी दिलेला निळा पडदा आणि सांगलीत छापून आणलेला इंग्रजी फलक. वैशालीने झेंडूची माळ लावली.

आधीच्या रांगांमधून आम्ही एक फेरी मारली आणि माझं धाबं दणाणलं. एका कंपनीने बोलणारा यंत्रमानव आणला होता. तो लहान मुलांशी हात मिळवायचा आणि सगळ्यांना जी, जी म्हणायचा. एकाकडे मोठं चक्र होतं, ते फिरवलं की बक्षीस. भट्टी विकणारे केकचे तुकडे वाटत होते. एका ठिकाणी ढोलवाला होता, गिऱ्हाईक आत शिरलं की तो थाप द्यायचा आणि गिऱ्हाईक खांदे उडवत आत जायचं. लोकांना बोलावण्याचे किती प्रकार.

भाऊजींनी चॉकलेटचा वाडगा टेबलावर ठेवला. लोक यायचे, चॉकलेट उचलायचे, "थँक यू जी" म्हणायचे आणि जायचे. काही मुलं दोनदा आली. मी ज्वारीच्या भाकऱ्या थापून, भाजून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पुढे करत होते. एका गृहस्थांनी तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला, आणि फार आदबीने पाणी मागितलं. वाईट म्हणाले नाहीत. चांगलं काय म्हणावं, ते त्यांना सापडत नव्हतं.

दुपारपर्यंत भाऊजींचा आवाज बसला. ते म्हणाले, "वहिनी, हितं ज्वारी कुणी वळखतच नाही. ज्याला भाकरी म्हाईत नाही, त्याला भाकरीचं मशीन कसं विकायचं?"

मी पुढची भाकरी तव्यावर टाकली.

तेवढ्यात एक बाई आमच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसल्या. सत्तरीच्या असाव्यात. सलवार-कमीज, वर जाड शाल, पायांत लोकरी मोजे. मशीनमध्ये त्यांना काही रस नव्हता, पाय दुखत होते म्हणून टेकल्या. सोबत त्यांचा मुलगा जसपाल. अंबाल्याच्या रस्त्यावर त्याचा ढाबा आहे आणि तो बर्फाचं यंत्र बघायला आला होता. तो आईला "बीजी" म्हणत होता, म्हणून आम्हीही बीजीच म्हणू लागलो.

बीजींनी माझी भाकरी हातात घेतली. उलटी केली, वास घेतला, कडा दाबून पाहिली. कशाचं पीठ, विचारलं. मी माझ्या हिंदीत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, ही तर मक्की दी रोटीची बहीण. मग त्यांनी विचारलं, तुमचं मशीन मक्याची रोटी करेल का? भाऊजींनी क्षणाचाही विचार न करता हो म्हणून टाकलं.

समोरच्या पीठवाल्याच्या स्टॉलवरून जसपालने मक्याचं पीठ आणलं. मी मळलं, उंडा केला, ताटलीवर ठेवला, बटण दाबलं. रोटी थापली गेली, पण कडा अशा चिरल्या की उन्हाळ्यातली जमीन बघावी. उचलायला गेले तर तिचे तीन तुकडे झाले. दुसरीचे चार. दोन-चार माणसं थांबली. आपलं काही मोडलं की माणसं थांबतातच.

बीजी उठल्या. बाटलीच्या पाण्याने हात धुतले, बाह्या वर केल्या आणि तळहातांमध्ये उंडा थापायला लागल्या. एका हातातून दुसऱ्या हातात, फिरवत, कडा सांभाळत. मी आयुष्यभर परातीत भाकरी थापली, पण अशी हवेत थापलेली रोटी पहिल्यांदाच पाहिली. दोन-चारांची पंधरा-वीस माणसं झाली. तव्यावर टाकल्यावर बीजींनी वरून बोटांनी दाबून दाबून खळगे केले. केक वाटणाऱ्या भट्टीवाल्याने लोणी आणून दिलं. त्यांनी रोटीवर ते ठेवलं आणि वितळलेलं लोणी एकेका खळग्यात जाऊन थांबलं.

मग त्या भाऊजींना म्हणाल्या, "मशीन दी रोटी ते मक्खण कित्थे रुकेगा, पुत्त?" मशीनच्या गुळगुळीत रोटीवर लोणी थांबणार कुठे?

लोक हसले, पण प्रेमाने. बीजींनी आणखी दोन-तीन रोट्या थापल्या, तुकडे करून सगळ्यांना वाटले आणि उरलेली एक माझ्या ताटात ठेवली. जायला वळताना तोल सावरायला त्यांनी मागच्या पडद्यावर हात टेकला. निळ्या कापडावर मक्याच्या पिठाचा पिवळा पंजा उमटला. जसपाल शरमला, झटकायला लागला. मी म्हटलं, राहू दे, छान दिसतंय.

ते गेल्यावर गर्दीही गेली. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. दिवसभरात माणसं थांबली ती चॉकलेटसाठी नाही, मशीनसाठी नाही. ती थांबली एका बाईचे हात बघायला, आणि त्या हातांपुढे मशीन हरताना बघायला.

मी भाऊजींना म्हटलं, उद्या हेच करू. फलक लावू, की या आणि आमच्या मशीनला हरवा.

भाऊजींचा चेहरा उतरला. "आपलंच मशीन चारचौघांत हरताना दाखवायचं? वहिनी, कोण करतं असं?"

"मग ते हरणार नाही असं करा," मी म्हणाले. "माणसं मी आणते."

मनीमाजरा

त्याच संध्याकाळी वैशाली आम्हाला ताजं पीठ घ्यायला रिक्षाने शहराला लागून असलेल्या जुन्या मनीमाजऱ्याला घेऊन गेली. चंदीगडची सरळ रेषा इथे येऊन संपते. अरुंद गल्ल्या, वरून लोंबणाऱ्या तारा, दुकानातून रस्त्यावर आलेला माल, हातगाडीवर तिळगुळाच्या गजक आणि रेवड्यांचे ढीग. इथे मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आमच्या बाजारपेठेत सोडल्यासारखं वाटलं. इथे रस्ता कुणाला विचारला तर आकडा सांगत नव्हते, हाताने दाखवत होते.

चक्कीवर मक्याचं ताजं पीठ दळून घेतलं, अजून कोमट होतं. दुपारचं पीठ जुनं होतं, हे मला तेव्हाच वासावरून कळायला हवं होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याला विरी, म्हणजे चिकटपणा, राहत नाही, मग आम्ही उकळत्या पाण्यात भिजवतो. मक्याला विरी मुळातच कमी. म्हणजे पीठ ताजं आणि पाणी उकळतं, दोन्ही हवं. माझ्या बाजूचं कोडं तिथेच सुटलं.

भाऊजींचं कोडं लोण्याचं होतं. बीजींनी दिलेली रोटी मी खाल्ली नव्हती. भाऊजींनी ती कागदात गुंडाळून घेतली होती आणि सारखे उघडून बघत होते. आम्ही गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारातून चाललो होतो. एका ठिकाणी ट्रकची बॉडी बांधायचं काम चाललं होतं. पत्र्यावर गोल डोक्याच्या रिवेटांची रांग. भाऊजी थांबले. एका रिवेटवर बोट ठेवलं, मग रोटीतल्या खळग्यात ठेवलं, मग पुन्हा रिवेटवर.

दुकानाचे मालक आधी संशयाने बघत होते. एक माणूस रोटी घेऊन ट्रकला हात लावतोय म्हटल्यावर कुणीही बघेल. वैशालीने हिंदीत सगळं सांगितलं. भाकरी त्यांना कळली नाही, पण मक्की दी रोटी म्हटल्यावर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मशीनची वरची ताटली, काही सुचलं तर हाताशी असावी म्हणून, भाऊजींनी पिशवीत आणली होती. बीजींची रोटी ताटलीवर ठेवून, खळग्याखळग्यातून आरपार टोचून त्यांनी खुणा केल्या. मालकांनी भोकं पाडली, अॅल्युमिनियमचे रिवेट ठोकले, घासून गुळगुळीत केले. बदल्यात त्यांनी एवढंच मागितलं, की जमलं तर पहिल्या रोट्या इथे पाठवायच्या.

काम होईपर्यंत आम्ही समोर उभं राहून गरम दुधात बुडवलेली जिलेबी खाल्ली. आमच्याकडे जिलेबी मठ्ठ्याबरोबर. दुधाबरोबर म्हणजे मला आधी कसंतरीच वाटलं. मग मी दुसरा पेला घेतला.

पिवळे पंजे

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रदर्शन उघडायच्या आधीच, आम्ही मशीनला लागलो. पहिल्या रोट्या फाटल्याच. भाऊजींनी स्प्रिंग सैल करून ताटली सावकाश खाली येईल असं केलं. मी पाणी आणखी कढत घेतलं, बोटं भाजली. थोडी जाड थापली. मग एक रोटी अखंड निघाली. कडा गोल, वर खळगे. भाऊजींनी तिला हात लावला नाही, नुसते बघत राहिले.

फलक वैशालीने रंगवला, हिंदीत आणि गुरुमुखीत: आमच्या मशीनला हरवून दाखवा, मक्याची रोटी थापा. खाली लिहिलं, जो कुणी हरवेल त्याचा पंजा आमच्या पडद्यावर. ती कल्पना बीजींच्या त्या पिवळ्या पंज्यावरून आली होती. तो तसाच होता, एकटा, पडद्याच्या मधोमध.

पहिली आली ती फाटकावर पहारा देणारी महिला पोलीस. बराच वेळ लांबून वाचत होती. मग काठी कोपऱ्यात ठेवली, टोपी काढली आणि हात धुतले. तिची रोटी आमच्या मशीनपेक्षा देखणी झाली. मी तसं मोठ्याने सांगितलं. तिचा हात पिठात बुडवून पडद्यावर उमटवला, खाली नाव लिहिलं. तिने मैत्रिणींना फोन करून सांगितलं आणि मग जी रीघ लागली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही.

बायका आल्या, सासवा-सुना आल्या, सासूची रोटी फाटल्यावर सुनेला लपवता न आलेलं हसू आलं. एक निवृत्त फौजी आले, बायको मागून सूचना देत होती आणि ते म्हणत होते, मला माहीत आहे, मला माहीत आहे. हॉटेलात काम करणारा एक आचारी मोठ्या ऐटीत आला आणि त्याची रोटी तव्याच्या वाटेवरच मोडली. तोही हसत हसत पंजा उमटवून गेला, कारण पंजा फक्त जिंकणाऱ्यालाच द्यायचा हे मला काही जमेना. थापायला आलेल्या माणसाला हात हलवत कसं पाठवायचं?

मधे एकदा फ्यूज गेला. मशीन, तवा, सगळं गार. पण रांगेतल्या बायकांनी वीज येईपर्यंत नुसत्या थापून ठेवल्या. भट्टीवाल्याने त्याच्या भट्टीत भाजून दिल्या आणि वर आपलं लोणीही दिलं. ढोलवाला मोकळा होता, तो येऊन उभा राहिला आणि चांगली रोटी निघाली की थाप देऊ लागला. त्याला आम्ही बोलावलं नव्हतं.

दुपारी संयोजकांचा माणूस आला. वाटेत गर्दी होते म्हणून ओरडा बसणार, असं मला वाटलं. त्याने आम्हाला टेबल पुढे, दोन रांगांच्या चौकात आणायला सांगितलं, म्हणजे लोकांना नीट दिसेल. आणि जाता जाता त्यानेही हात धुतले.

लोक हात बघायला येत होते, पण थांबल्यावर मशीनही बघत होते. रोटी फाटली की मशीनकडे बघायचे. ते दमत नव्हतं. एकामागून एक, सारख्या मापाच्या, खळगे असलेल्या. मग प्रश्न सुरू झाले. तासाला किती होतात, बिघडलं तर कोण येणार, लग्नाच्या जेवणाला चालेल का. भाऊजींच्या खिशात लोकांची कार्डं मावेनात. बसलेल्या आवाजात ते पंजाबी, हिंदी आणि तासगावचं मराठी एकत्र बोलत होते आणि सगळ्यांना सगळं कळत होतं.

संध्याकाळी निळा पडदा जवळजवळ पिवळा झाला होता. मुली त्याच्यापुढे उभ्या राहून फोटो काढत होत्या. यंत्रमानवाच्या स्टॉलवरचे दोघे येऊन विचारून गेले, ही कल्पना कुठल्या एजन्सीची? मी वैशालीकडे बोट दाखवलं, वैशालीने माझ्याकडे.

बीजी

शेवटच्या दिवशी मी सकाळपासून वाट बघत होते. येतील की नाही, माहीत नव्हतं. आणि आल्या तेव्हा एकट्या नाहीत, गावातल्या चार जणींना घेऊन आल्या. जसपाल सांगत होता, कुणीतरी त्यांना फोनवर पडद्याचा फोटो दाखवला आणि त्या म्हणाल्या, यातला मधला हात माझा आहे.

त्या पडद्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पंज्याखाली नाव नव्हतं. वैशालीने विचारून लिहिलं, हरबंस कौर.

मग त्या टेबलाकडे वळल्या. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्यांनी थापायला सुरुवात केली, मी उंडा ताटलीवर ठेवला. दोन्ही रोट्या एकदमच तव्यावर पडल्या. भाजून झाल्यावर मी मशीनची रोटी ताटात घेऊन त्यांच्यापुढे ठेवली.

बीजींनी आधी कडेला धरून ती उचलली. मोडली नाही. मग लोणी ठेवलं. लोणी वितळलं, पसरलं आणि खळग्यांत जाऊन थांबलं. त्यांनी मान हलवली. मग त्यांना काहीतरी दिसलं. त्यांनी हळूच एक बोट एका खळग्यात ठेवलं, दुसरं दुसऱ्यात, मग सगळी बोटं. सगळी बरोबर बसली.

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ए तां मेरियां उंगलां ने."

ही तर माझी बोटं आहेत. मी हो म्हटलं. म्हटलं, तुम्ही दिलेल्या रोटीवरून घेतली, विचारलं नाही, माफ करा. वैशालीने ते त्यांना समजेल असं सांगितलं. बीजींची बोटं खळग्यांतच होती, लोण्याने माखलेली. मग त्यांनी तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि माझे केस लोण्याने भिजले.

त्या जसपालला एवढंच म्हणाल्या, "कुड़ियां दे गुट्ट हुण नहीं दुखणे." पोरींची मनगटं आता दुखणार नाहीत. ढाब्यावर थापायला बसणाऱ्या बायकांबद्दल त्या बोलत होत्या. लग्नसराईत त्यांची मनगटं सुजायची, हे जसपालने नंतर सांगितलं.

जसपालला नवं मशीन नको होतं. हेच हवं होतं, या बोटांचं. त्याच्या मागे उभे असलेले दोन ढाबेवाले, एक लग्नाच्या जेवणाचे ठेकेदार आणि त्या निवृत्त फौजींचा भाचा, सगळ्यांनी बीजींच्या बोटांचीच ताटली मागितली. भाऊजी पाणी प्यायला म्हणून बाजूला गेले. तोंड पुसत परत आले, तेव्हा डोळे लाल होते. मी यजमानांना फोन लावला आणि सांगितलं, शेड भाड्याने देऊ नका, उलट शेजारची जागा मिळते का बघा. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, दिलीपला फोन दे. काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. भाऊजी "हो दादा, हो दादा" एवढंच म्हणत होते.

मनीमाजऱ्याच्या ट्रकवाल्यांकडे रोट्या पाठवल्या. इराने पडद्याच्या कोपऱ्यात आपला पंजा उमटवला आणि खाली स्वतःचं नाव मराठीत लिहिलं.

अंबाल्याचा रस्ता

परतीच्या आधी एक दिवस मोकळा होता. सकाळी सुखना तलाव बघितला. पाणी धुक्यात आणि धुकं पाण्यात, कुठे काय संपतं कळत नव्हतं. लोक काठाने झपझप चालत होते, जणू तिथे कुणीतरी हजेरी घेणार आहे. आमच्याकडे तलावावर लोक बसायला जातात.

दुपारी जसपालची गाडी आम्हाला घ्यायला आली. ढाबा साधा, पत्र्याचा, समोर खाटा, बाजूला मोहरीचं पिवळं शेत. आमचं मशीन आत ओट्यावर बसवलं होतं, त्याला लाल दोरा बांधला होता. भाऊजी आल्या आल्या त्याच्याकडे गेले आणि तिथल्या बायकांना स्प्रिंग कशी घट्ट करायची ते दाखवायला लागले. भाषा कुणालाच कुणाची धड येत नव्हती, काम चाललं होतं.

मीही सवयीने पदर खोचला आणि आत निघाले. बीजींनी दंडाला धरून मला खाटेवर बसवलं. उठायला लागले तर पुन्हा बसवलं. भाकऱ्या करणारी बाई घरात कायम शेवटी जेवते. तिच्या वाट्याला येते ती शेवटची, जरा जाड, जरा गार. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, कारण दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं.

माझ्यापुढे ताट आलं. सरसोंचं साग, गूळ, मुळा, कांदा आणि खळगे असलेली गरम रोटी, लोण्याने भरलेली. मी अर्धी खाल्ली तोवर दुसरी आली. दुसरी संपायच्या आत तिसरी. आतून मशीनचा आवाज येत होता, सावकाश, एकसारखा. बीजी दारात उभ्या राहून माझ्या ताटावर लक्ष ठेवून होत्या. मी पुरे म्हणून हात आडवा केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि आत वळून ओरडल्या, "इक होर!"

आणखी एक. मी हात काढून घेतला आणि ताट पुढे सरकवलं.